चैतालीचं ‘हाय’

शालनचं घर, भोर
१२ ऑगस्ट २००९

चि. आम्रपाली,

जय भीम, आशीर्वाद आणि लगेच तक्रार. काल फोनवर तू ‘ताप आहे का’ असं विचारत होतीस म्हणे. मला ‘साप आहे का’ असं ऐकू आलं. मी गोठ्यापर्यंत जाऊन बघून आलो आणि ‘अजून तरी दिसला नाही’ असं सांगितलं. शालन हसून हसून खाली बसली. तेव्हा यापुढे फोन बंद, पत्र सुरू. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, आणि पाटबंधारे खात्यात माझा सगळा जन्म लोकांची पत्रं वाचण्यातच गेला आहे.

तुम्ही मला लोणच्याच्या बरणीसारखं तोंडाला फडकं बांधून इथे पाठवलंत. स्वारगेटला गर्दीतल्या निम्म्या लोकांनी तोंड बांधलं होतं, पण भोरच्या गाडीत मी एकटाच. कंडक्टर म्हणाला, ‘बाबा, तोंड आलंय का?’ मी म्हटलं, नाही, नातीला नोकरी लागली आहे, आता ती घरातही हुकूम सोडते.

मुळात मला झालं काय होतं? कसब्यात चष्म्याची काडी बसवायला गेलो, चार माणसांत बसलो, घरी येऊन दोन दिवस शिंकलो. तिसऱ्या दिवशी मटकीची उसळ दोनदा मागून घेतली. एवढ्यावर तुम्ही घरात धावपळ मांडलीत. तुझ्या चैतालीवहिनीने तर वाफेचं भांडं धरून माझ्या डोक्यावर चादर घातली आणि मी पळून जाऊ नये म्हणून स्वतःही आत डोकं घालून बसली. सातवा महिना लागलेली बाई, पण पकड अजून कबड्डीतलीच. मला दमा आणि तिला दम, असं मी म्हणतो ते खोटं नाही.

एक गोष्ट मनाला लागली आहे. शालनने ही खोली रंग देऊन चैतालीसाठी तयार केली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि तिचं धानोरीचं माहेर तर आमच्या घरात लग्न केलं म्हणून बंद. म्हणून मीच शालनला म्हटलं होतं, तू भाची आहेस माझी, तिचं माहेर तू हो. पाऊस उणावला की ती इथे यायची होती. आता तिच्या माहेरपणाच्या खाटेवर सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा घोरत पडला आहे. तिला सांग, लवकरच खोली रिकामी करून देतो.

आणि तुझ्या पत्राखाली तिच्या दोन ओळी हव्यात. तुझं मराठी फार शुद्ध, परिपत्रक आल्यासारखं वाटतं. तिचं ‘हाय’ वाचलं की घर बोलल्यासारखं वाटतं. तुमच्या कंपनीतले लोक ‘हाय’ म्हणून बोलणं सुरू करतात, ती ‘हाय’ म्हणून संपवते. मला तिचंच बरं वाटतं.

तात्या

*

विश्रांतवाडी, पुणे
१५ ऑगस्ट २००९

ती. तात्या,

जय भीम. परिपत्रक क्रमांक एक.

तुम्ही नाही ते बरंच आहे. साथीमुळे इथे शाळा, कॉलेजं, थिएटरं सगळं बंद. आळंदी रोडवर भर दुपारी रविवार पहाटेसारखी शांतता असते. पुण्यातल्या मुली आधीपासूनच तोंड बांधून गाडी चालवायच्या, आता पुरुषही शिकले. कापराच्या पुरचुंड्या आमच्या खराडीच्या ऑफिसात इंजिनिअर लोक हुंगतायत. तपासणीची रांग हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर रस्त्यावर आली आहे आणि त्या रांगेत सगळे एकमेकांना खेटून उभे आहेत.

तुम्ही चिडलात ते कळलं. पण तात्या, वय बघा, दमा बघा. घरात कोणाला जपायचं हा प्रश्नच नव्हता. शालनआत्याकडे खोली एकच, म्हणून आधी तुम्ही. चैतालीवहिनीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मला काय व्हतंय? म्हाताऱ्याला आधी काढा हितनं.’ तेव्हा भांडायचं असेल तर तिच्याशी भांडा.

अभयदादाला काल दिवसभर कणकण होती. आज उठून क्रिकेट बघतोय. मी आणि आई ठीक.

तुमची,
आम्रपाली

तात्या बरं हाय का. खोली ऱ्हाऊ द्या तुमालाच, मला घाई नाय. माझं अंग जरा मोडून आलंय पन ते आता व्हयाचंच. पोर लई लाथा मारतंय, रेडर हुनार. गोळ्या येळंवर घ्या. घरची काळजी करू नका, मी हाय हितं. — चैताली

*

भोर
१८ ऑगस्ट २००९

चि. आम्रपाली,

चैतालीचं अंग मोडून आलंय हे तुझ्याच पत्राखाली लिहिलेलं आहे आणि तुझ्या पत्रात त्याचा पत्ता नाही. एका कागदावर राहता आणि एकमेकींना वाचत नाही. तिला वर-खाली करू देऊ नका. अभयला म्हणावं, क्रिकेट तू बघितलं नाहीस तरी ते हरणारच आहेत, पाणी भर.

माझी तब्येत लाज वाटावी इतकी उत्तम आहे. सकाळी ओढ्यापर्यंत जाऊन येतो. दम लागत नाही. गावातले माझ्या वयाचे दोघे-तिघे पारावर भेटतात. पुण्याचा माणूस म्हणून आधी चार हात लांब बसायचे, आता तंबाखू मागतात.

तापाचं म्हणशील तर ताप मी एकदाच खरा पाहिला. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परत येताना. डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि सगळा डबा खोकत होता. पण ही गोष्ट मी सांगायला लागलो की अभय म्हणतो, ‘गाडी वर्ध्याला आली, आता तात्यांना ताप चढणार.’ तेव्हा राहू दे.

शालनने डिंक आणून ठेवला आहे, लाडू चैताली आली की वळणार आहे. मला त्यातला एक खडाही देत नाही. चैतालीला सांग, तुझ्या माहेरी मला सासुरवास आहे.

तात्या

*

विश्रांतवाडी
२२ ऑगस्ट २००९

ती. तात्या,

जय भीम. उत्तराला उशीर झाला, ऑफिसात काम फार आहे. इथे सगळं ठीक आहे. गणपती उद्या बसतील, यंदा गर्दी करू नका असं सगळीकडे सांगतायत. आई तुमची आठवण काढते. दादा पाणी भरतो. तुम्ही अजून थोडे दिवस तिकडेच राहा. परत यायची घाई करू नका.

शालनआत्याला नमस्कार.

आम्रपाली

तात्या, बरं हाय का? अंगदुखी थांबली. तुम्ही काळजी करू नका. गोळ्या वेळेवर घ्या. मी ठीक आहे. — चैताली

*

भोर
२५ ऑगस्ट २००९

आम्रपाली,

या ओळी चैतालीच्या नाहीत.

अक्षर तू बरं जमवलं आहेस. तिच्यासारखा गोल काढला आहेस, रेघ सोडून खाली उतरली आहेस. पहिला ‘हाय’ जपून घातलास. मग ‘येळंवर’चं ‘वेळेवर’ झालं, ‘तुमी’चं ‘तुम्ही’ झालं, आणि शेवटी हात सवयीवर गेला. ‘मी ठीक आहे.’ ती लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरात ‘आहे’ म्हणालेली नाही. मी मुद्दाम शिकवायला गेलो तर म्हणायची, ‘तात्या, तुमच्या त्या आहेला जीव नाय.’

आणि शालन. फोन वाजला की ती गोठ्यामागे जाते. माझ्या कानाशी येऊन बोलली तरी मला ऐकू येत नाही, हे घाबरलेल्या माणसाला कुठून सुचणार. काल डोळे पुसत आली आणि म्हणाली, धूर गेला. चूल पेटलेली नव्हती.

तू ओळी लिहिल्यास, म्हणजे तिला लिहिता येत नाही. का येत नाही, ते लिही. ती आहे की नाही, एवढं पहिल्या ओळीत लिही. मग बाकीचं. मला भीती वाटते आहे.

तात्या

*

विश्रांतवाडी
२८ ऑगस्ट २००९

तात्या,

ती आहे.

तुमचं पत्र हॉस्पिटलच्या जिन्यात वाचलं. चुकलं माझं. आईने, दादाने, मी, तिघांनी ठरवलं होतं की तुम्हाला सांगायचं नाही. तुम्हाला धक्का सोसणार नाही म्हणून. कोणाला काय सोसेल हे आम्हाला फार कळतं अशी आमची समजूत होती.

पंधरा तारखेचं पत्र पाठवलं त्याच संध्याकाळी तिला ताप चढला. मग खोकला. नंतर जिना चढून आली तेव्हा धापा टाकत होती. आई म्हणाली, सातव्या महिन्यात धाप लागतेच, मलाही लागायची. आम्ही तिला लिंबू सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी तिची नखं निळसर दिसायला लागली, तेव्हा रिक्षा आणली. रिक्षात ती मला म्हणाली, ‘आमे, दम पुरंना.’ तात्या, चैताली हे म्हणाली. एका दमात सात गडी बाद करून परत येणारी.

आता ती यंत्रावर आहे. घशात नळी आहे, औषध देऊन झोपवून ठेवली आहे. फुप्फुसं पाण्याने भरल्यासारखी झाली आहेत. बाळाचे ठोके आहेत. तिला श्वास पुरावा म्हणून बाळ आधी काढावं का, ते डॉक्टर उद्या ठरवणार आहेत. काढलं तर दोघंही वाचतील असं ते म्हणत नाहीत.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की हिलाच का. घरात सत्त्याहत्तर वर्षांचा दमेकरी आहे, त्याला आम्ही पळवून लावलं, आणि ही कधी क्रोसिनसुद्धा न घेतलेली. त्या म्हणाल्या, ‘हा विषाणू नवा दिसतो पण याची जुनी भावकी होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ती फिरत होती. ज्यांना तेव्हा ताप येऊन गेला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं रक्त याला ओळखतं. तरुणांनी याला कधी पाहिलेलंच नाही. आणि गर्भारपणात शरीर आपला राग आवरून धरतं, नाहीतर ते पोटातल्या परक्या जिवावरच उठेल. त्यात पोट वर चढलेलं, फुप्फुसांना जागा कमी. तुमच्या घरात सगळ्यात आधी जपायला हवं होतं ते हिला.’ शांतपणे सांगितलं त्यांनी. मला वाटलं कोणी थोबाडीत मारली.

पण तेवढ्यानेही सगळं जुळत नाही. पलीकडच्या खाटेवर व्यायामशाळेतला एक मुलगा होता, तो परवा गेला. त्याच्या शेजारच्या साखरेचा आजार असलेल्या विमलाबाई त्याच दिवशी चालत घरी गेल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘अर्धं आम्हालाही कळत नाही.’

आता राहिलेलं. तुम्ही खरं मागितलंत म्हणून लिहिते. त्यांनी विचारलं, घरात पहिली सर्दी कोणाला झाली? आईच्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. बाई म्हणाल्या, खात्रीने सांगता येणार नाही, शहरभर आहे, कुठूनही आला असेल. तुम्ही शिंकलात, दादाला एक दिवस कणकण, आई आणि मी कोरड्या, आणि ती. एका घरात, एकाच पातेल्यातलं जेवणारी माणसं.

ओळी खोट्या लिहिल्या, माफ करा. ती असती तर असंच लिहिलं असतं, असं वाटलं होतं.

आम्रपाली

*

भोर
१ सप्टेंबर २००९

चि. आम्रपाली,

पत्र वाचून मी तसाच बसून राहिलो. चहा आला, त्यावर साय धरली, शालनने तो उचलून नेला. मग मी तिला म्हटलं, मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. ती काही बोललीच नव्हती.

तू जे लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी चादरीपाशी थांबलो. चादरीखाली आम्ही दोघं. भांडं तिच्या हातात. मी आत खोकत होतो आणि ती म्हणत होती, ‘आनखी खोका, सगळं भाईर येऊ द्या.’ आलं ते बाहेर. तिच्या तोंडावर आलं. तुमच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, खात्री नाही म्हणतात. मला खात्री आहे.

आणि मी इथे ओढ्यापर्यंत फिरायला जातो. परवा पारावर मी सगळ्यांना सांगत होतो की हा आजार म्हणजे नुसती वर्तमानपत्रांची आवई आहे.

बाईंना एक विचार. छप्पन सालचा तो ताप. आम्ही नवे होऊन घरी येत होतो, चोवीस वर्षांचा होतो मी, आणि माझं अंग भट्टीसारखं तापलं होतं. आई म्हणाली, प्रवासाची धूळ. ती याची भावकी असेल का? त्या डब्यात मी जे कमावलं तेच या वेळी माझ्या पाठीशी उभं राहिलं का? असेल तर ते मला एकट्यालाच का मिळालं, असं विचार. पेन्शनला वारस लावता येतो. नावावरची खोली देता येते. रक्तातली ही ओळख मी तिच्या नावावर करून देऊ शकत नाही, आणि जे देऊ नये ते मात्र एका शिंकेत देऊन आलो.

बाळाचं काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस. तुझं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत ते ठरूनही गेलं असेल. शालन सांगत नाही आणि मी विचारलं तर तिच्या ओठांकडे बघावं लागेल. ते माझ्याने होत नाही.

अभय न्यायला येतो म्हणतोय, असं शालनने पाटीवर लिहून दाखवलं. मी येणार नाही. कुठल्या तोंडाने त्या घराचा जिना चढू? ती शुद्धीवर आली तर हे पत्र तिला वाचून दाखव, एक शब्द न गाळता. मग ती म्हणाली या, तर येईन. नको म्हणाली, तर इथेच राहीन आणि तिला दोष देणार नाही. पण ते तिच्या हातचं पाहिजे. तू तिच्या नावाने लिहू नकोस. मला कळतं.

तात्या

*

हॉस्पिटल, पुणे
९ सप्टेंबर २००९

ती. तात्या,

नळी घशातून काढून आता गळ्याला भोक पाडून बसवली आहे, त्यामुळे तिला बोलता येत नाही. पण यंत्र दिवसातून थोडा वेळ बंद ठेवतात, तेवढा वेळ ती स्वतःच्या दमावर श्वास घेते. पहिल्यांदा बंद केलं तेव्हा दादा काचेबाहेर उभा राहून तोंडातल्या तोंडात कबड्डी कबड्डी म्हणत होता. त्याला ते कळतही नव्हतं. वाळून ती एवढीशी झाली आहे. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, पण आज पहिल्यांदा हसल्या.

तुमच्या तापाचं मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘असेल, नसेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या खोकल्याची आज तपासणी कशी करणार? पण आजोबांना सांगा, कमावलेली चीज असली तरी ती त्यांनी मागून घेतलेली नव्हती.’

धानोरीहून तिचे आई-वडील आले. मास्क लावलेले दोघं जण कोपऱ्यात येऊन बसायचे, आम्हाला वाटायचं दुसऱ्या कोणाचे असतील. कितीतरी वेळाने सोनबा उठून दादापाशी आले आणि म्हणाले, ‘मी तिचा बाप हाय.’ आईने त्यांना डब्यातली भाकरी दिली. ते जेवले. आमच्या हातचं पहिल्यांदाच.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. चादरीचं आलं तिथे तिने डोळे मिटले. मी थांबले, तर हाताने खूण केली, वाच. मग मी तिच्या नावाने लिहिलेल्या ओळींचंही तिला सांगितलं. तिने मान अशी हलवली की मला माझीच लाज वाटली.

तुम्ही बाळाचं विचारलंय. ते लिहायला मी चार वेळा बसले, माझ्याने झालं नाही. आज तिनेच बोटांनी पेन मागितलं. पाटी दिली, ती तिने बाजूला सारली, कागदच हवा. मी हाताखाली वही धरली. दोन ओळींना तिला बराच वेळ लागला, मध्ये एकदा पेन गळून पडलं. अक्षर तिच्यासारखं गोल आलेलं नाही, पण तिचंच आहे. मी त्यात काही सुधारलेलं नाही.

आम्रपाली

तात्या मी हाय. बाळ नाय.
तुमी घरी या.